बाहेर पडण्याचा हक्क आहे, आत येण्याचा नाही

२३ मे १९१४ रोजी ‘कोमागाटा मारू’ ही जपानी बोट ३७६ प्रवासी घेऊन व्हँकुव्हरला पोहोचली. बहुतेक जण पंजाबी शीख होते. ते ब्रिटिश सम्राटाचे प्रजाजन, आणि कॅनडाही त्याच साम्राज्याचा भाग. तरीही, तिथे आधीपासून राहणारे मोजके लोक वगळता, कोणाला उतरू दिलं नाही. १९०८ च्या नियमानुसार मायदेशातून मध्ये कुठेही न थांबता आलेल्यालाच प्रवेश होता. हिंदुस्थानातून अशी थेट बोट मिळणं जवळजवळ अशक्य होतं. नियमात वंशाचा उल्लेखही नव्हता. तशी गरजच ठेवली नव्हती. दोन महिन्यांनी बोट परत पाठवली गेली. २९ सप्टेंबरला कलकत्त्याजवळ बजबज इथे पोलिसांच्या गोळीबारात वीसएक प्रवासी मारले गेले.

सीमेवर माणसाला अडवून कागद मागण्याची सार्वत्रिक पद्धत आपल्याला सनातन वाटते, पण ती जेमतेम शंभर वर्षांची आहे. फ्रान्सच्या १७९१ च्या राज्यघटनेने जाण्याचं, राहण्याचं, निघून जाण्याचं स्वातंत्र्य मान्य केलं होतं. पुढच्याच वर्षी तिथे पासपोर्ट परतला. पहिल्या महायुद्धाआधी पश्चिम युरोपात बराचसा प्रवास पासपोर्टविना होई. युद्धापुरती आलेली बंधनं नंतर कायमची झाली. आपल्याकडे देशात येणाऱ्यांना पासपोर्ट लागेल असं ठरवणारा कायदा १९२० मध्ये झाला.

१९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात कलम १३ आलं: कोणताही देश सोडण्याचा आणि स्वतःच्या देशात परतण्याचा हक्क. दुसऱ्या देशात शिरण्याच्या हक्काबद्दल ते गप्प आहे. कलम १४ छळामुळे पळालेल्यांना आश्रय मागण्याचा हक्क देतं, तेवढंच. पण बाहेर पडलेल्या माणसाला कुठेतरी आत शिरावंच लागतं.

भारतात बाहेर पडण्याचा हक्क न्यायालयांनी मिळवून दिला. पासपोर्ट देणं ही सरकारची मर्जी नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी ठरवलं, आणि त्याच वर्षी पासपोर्ट कायदा करावा लागला. पासपोर्ट जप्तीवरून झालेल्या १९७८ च्या मनेका गांधी खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेलं: कायदा आहे एवढ्याने भागत नाही, त्यातली प्रक्रियाही न्याय्य हवी.

सीमेच्या बाजूने एक मुद्दा खरोखर वजनदार आहे. स्वातंत्र्याचं रक्षण करायला न्यायालय, मतदार, करदाते लागतात, आणि त्यांना हद्द लागते. मला तो मान्य आहे. पण हद्द असणं वेगळं आणि दारातल्या माणसाला उत्तर देण्याचं बंधनच नसणं वेगळं. व्यक्तिस्वातंत्र्याशी विसंगत आहे ते हे दुसरं.

आपली राज्यघटनाही या पेचातून सुटलेली नाही. जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य जपणारं कलम २१ प्रत्येक व्यक्तीला लागू आहे, तर देशात कुठेही फिरण्या-राहण्याचं कलम १९ मधलं स्वातंत्र्य फक्त नागरिकांना. १९३७ पासून भारतात राहणाऱ्या एका बेल्जियन मिशनऱ्याला देश सोडायला सांगितलं, तेव्हा तो न्यायालयात गेला. परदेशी व्यक्तीला बाहेर काढण्याचा सरकारचा अधिकार अमर्याद आहे, असं १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं.