पॉव्हर्टी पॉइंट
अमेरिकेच्या लुइझियाना राज्याच्या ईशान्य भागातील प्रागैतिहासिक स्थळ. इ. स. पू. सुमारे १७०० ते ११०० या काळात लोकांनी माती वाहून येथे टेकाडे, एकात एक असे सहा अर्धवर्तुळाकार बांध आणि त्यांच्या कुशीत विस्तीर्ण पटांगण घडवले. नाव मात्र एकोणिसाव्या शतकातील मळ्यावरून पडले. बांध इतके पसरलेले आहेत, की त्यांवरून चालताना आकार कळत नाही. पुरातत्त्वज्ञ जेम्स फोर्ड यांना तो १९५३ मध्ये हवाई छायाचित्रांत दिसला.

पांढरीचे, म्हणजे जुन्या गाववस्तीच्या जागेचे, टेकाड पिढ्यान्‌पिढ्यांच्या राखेने आणि पडझडीने आपसूक वाढते. येथील टेकाडे मुद्दाम रचलेली आहेत. सर्वांत मोठे सुमारे २२ मी. उंच असून त्यात अंदाजे २,३८,००० घनमीटर माती आहे. ही भर किती दिवसांत पडली? उत्तर मातीनेच दिले, आणि ही या स्थळाची सर्वांत विलक्षण गोष्ट. येथे पाऊस भरपूर आणि माती बारीक पोताची, सहज ओघळणारी. काम मध्येच थांबले असते, तर थरांमध्ये पाण्याचे चरे, गवताची मुळे, किड्यांची बिळे उरली असती. पुरातत्त्वज्ञ अँथनी ऑर्टमन आणि टी. आर. किडर यांना टेकाडाच्या खणलेल्या छेदात तसे काहीच आढळले नाही. त्यामुळे हे टेकाड तीन महिन्यांच्या आत उभे राहिले असावे, असे त्यांनी २०१३ मध्ये मांडले. एवढ्या थोड्या वेळात एवढे काम म्हणजे दूरदूरचे लोक मोठ्या संख्येने जमले असणार.

हे लोक शेतकरी नव्हते. मासे, हरणे, रानातली कवचफळे यांवर त्यांची गुजराण होती. शेती, धान्याचा साठा आणि राजसत्ता यांच्याशिवाय भव्य बांधकाम होत नाही, हा जुना समज येथे टिकत नाही. चुली आणि रोजचा केरकचरा बांधांवर सापडतो. मोठे टेकाड त्या मानाने स्वच्छ आहे. म्हणून ते विधींसाठी असावे, असे मानतात. चुंबकीय सर्वेक्षणात पटांगणाखाली लाकडी खांबांच्या वर्तुळांच्या खुणाही मिळाल्या. युनेस्कोने २०१४ मध्ये हे स्थळ जागतिक वारसा यादीत घेतले.

परिसरात दगड जवळजवळ नाही. हत्यारांचा दगड शेकडो किलोमीटरांवरून येई. स्वयंपाकासाठी मात्र पायाखालचीच माती: मुठीत मावणारे गोळे वळून, तापवून ते खड्ड्यात ठेवत आणि त्या उष्णतेवर अन्न शिजवत. असे गोळे येथे ढिगांनी मिळाले आहेत. काहींवर वळणाऱ्याच्या बोटांचे खळगे अजून स्पष्ट दिसतात.