थंडीतील त्वचेची निगा

हिवाळ्यात अंग फुटणे, ओठ उलणे, टाचांना भेगा पडणे यांवर केले जाणारे घरगुती व वैद्यकीय उपाय. महाराष्ट्रात या निगेची सुरुवात दिवाळीच्या अभ्यंगस्नानाने होते आणि होळीच्या सुमारास, उकडू लागले की ती आपोआप सुटते. तिळाचे तेल, उटणे, साय, कोकमतेल, ग्लिसरीन, पेट्रोलियम जेली अशी साधने अनेक आहेत. त्यांतल्या बहुतेकांचे काम एकच असते, ते म्हणजे कातडीतले पाणी उडू न देणे. म्हणून काय लावले यापेक्षा केव्हा लावले याला अधिक महत्त्व आहे.

अंग का फुटते

त्वचेच्या सर्वांत बाहेरच्या थराला शृंगस्तर म्हणतात. तो मृत पेशींचा असतो आणि तळहात-तळपाय वगळता त्याची जाडी साधारण ०.०१ ते ०.०२ मिलिमीटर भरते. पेशींच्या मधल्या जागेत सेरामाइडे, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले असे स्निग्ध पदार्थ असतात. त्यांच्यामुळे शरीरातले पाणी बेताने बाहेर पडते. या थरातले पाणी सुमारे १० टक्क्यांच्या खाली गेले की तो ताठरतो आणि हालचालीबरोबर तडकतो. नखाने ओढले की पांढरी रेघ उमटते ती या अवस्थेत.

अमेरिकी संशोधक अर्विन ब्लँक यांनी १९५२ मध्ये दाखवून दिले की, वाळलेला घट्टा तेलात ठेवला तरी कडकच राहतो, मऊ होतो तो पाण्याने. 'रोज तेल चोपडूनही अंग फुटतेच' या तक्रारीचा उलगडा यात आहे. कोरड्याठाक कातडीवर लावलेले तेल चकाकी देते, पण जे मुळात तिथे नाही ते पाणी अडवणार कसे?

दोष थंडीपेक्षा कोरडेपणाचा अधिक. १० अंश सेल्सिअसच्या हवेत घनमीटरमागे जास्तीत जास्त ९ ग्रॅमच्या आसपास बाष्प मावते, ३० अंशांना सुमारे ३० ग्रॅम. निफाडला पहाटे दव पडलेले असते, म्हणजे हवा बाष्पाने भरलेली असते. तीच हवा दुपारी २८-३० अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता तिसऱ्या हिश्श्यावर येते आणि ती मिळेल तिथून पाणी शोषते. देशावर, मराठवाड्यात, विदर्भात अंग फुटते ते असे, स्वच्छ उन्हात. मुंबई-कोकणात समुद्रामुळे त्रास कमी, तरी जमिनीवरून कोरडे वारे वाहू लागले की तिथेही ओठ उलतात.

आंघोळ

निम्मे नुकसान न्हाणीघरात होते. बंबातले किंवा गीझरचे कढत पाणी बरे वाटते, पण ते पेशींमधला मेद धुऊन नेते. साबणाची त्यात भर पडते. त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, तर नेहमीचा साबण चांगलाच अल्कधर्मी. भारतीय मानकांनुसार अंगाच्या साबणाची प्रतवारी एकूण मेदांशावर होते (पहिल्या प्रतीत किमान ७६ टक्के, दुसरीत ७०, तिसरीत ६०) आणि तो आकडा वेष्टनावर छापलेला असतो. हिवाळ्यापुरता तरी तो वाचून साबण घ्यावा. पाणी कोमट, आंघोळ थोडक्यात आणि साबण काखा, जांघा, पाय यांपुरता, एवढे पाळले तर फरक पडतो.

अंग पंचाने टिपून ते ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांत, तेल वा मलम लावणे हा या सगळ्या निगेचा गाभा. पायांच्या नडग्यांवर तेलग्रंथी कमी असतात, त्यामुळे तिथे आधी.

तेल आणि उटणे

वाग्भटाच्या 'अष्टांगहृदय' या आयुर्वेदीय ग्रंथात हेमंत ऋतूसाठी वातनाशक तेलांचा अभ्यंग, डोक्याला तेल आणि मर्दन सांगितले आहे. मग कषाय (तुरट) द्रव्यांनी तेल काढून स्नान करायचे. नित्याच्या अभ्यंगातही डोके, कान आणि पाय यांकडे विशेष लक्ष द्यावे असे तो म्हणतो. नरकचतुर्दशीच्या पहाटेचे स्नान याच परंपरेतले. उटण्यात नागरमोथा, कपूरकाचरी, वाळा, गव्हला, आंबेहळद, चंदन, संत्र्याच्या सालीची पूड असे जिन्नस असतात, काही जण मसुरीचे पीठ किंवा मुलतानी मातीही घालतात. सुवास अप्रतिम, पण उटणे हे तेल काढणारे द्रव्य आहे. सणाच्या दिवशी ठीक; ते रोज चोळून वर पुन्हा साबण लावणे म्हणजे अभ्यंगावर पाणी सोडणे. तान्ह्या बाळाची लव जावी म्हणून पिठाने अंग रगडण्याची रीत तर मोडीत काढावी अशीच आहे.

सर्व तेले सारखी नसतात. ऑलिव्ह आणि मोहरीच्या तेलाने त्वचेचा अडसर कमकुवत होतो असे प्रयोगांत आढळले आहे. सूर्यफुलाच्या, म्हणजे लिनोलिक आम्ल भरपूर असलेल्या तेलाचे निष्कर्ष त्यामानाने चांगले. सोलापूर-मराठवाड्याच्या करडईच्या तेलातही हेच आम्ल प्रमुख असते. खोबरेल गुणाने उत्तम. अडचण एवढीच की ते २४ अंशांच्या आसपास गोठते, त्यामुळे बाटली उन्हात वा गरम पाण्यात ठेवावी लागते.

कोकमतेल

कोकण-गोव्याची या विषयातली खास देणगी. एप्रिल-मेमध्ये रातांबे (कोकमाची फळे) फोडून सालीची आमसुले होतात आणि बिया उरतात. त्या वाळवून, टरफले काढून, आतला गर कुटून पाण्यात उकळतात; वर तरंगणारा मेद काढून घेतात आणि थिजता थिजता हाताने वळून त्याचे गोळे करतात. म्हणून त्याला मुठेलही म्हणतात, गोव्यात भिरंडेल. फिकट पिवळसर-करडा, मेणासारखा टणक गोळा. नख सहज रुतत नाही.

यात स्टिअरिक आम्ल निम्म्याहून अधिक असते, उरलेले बहुतांश ओलेइक. ते साधारण ४० अंशांच्या सुमारास वितळते, तर पायाच्या कातडीचे तापमान त्याहून बरेच खाली असते. म्हणजे पळीत पातळ करून भेगेत सोडलेले तेल तिथल्या तिथे थिजते आणि बसून राहते. खोबरेल एव्हाना अंथरुणाला लागलेले असते. तळपायाला तेलग्रंथी मुळीच नसल्यामुळे टाचेला असे बाहेरचे बूच लागतेच. रीत अशी: रात्री पाय कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटे बुडवायचे, वज्रीने हलक्या हाताने मेलेली कातडी काढायची, टिपून घ्यायचे, चटका बसणार नाही इतपत कोमट झालेले तेल भेगांत भरायचे आणि वर सुती मोजे. रक्त येणाऱ्या भेगेवर वज्री चालवू नये. मधुमेह्यांनी तर वज्री, ब्लेड आणि गरम तेल तिन्ही टाळावे, कारण पायाची संवेदना कमी झाली असेल तर भाजलेले कळत नाही.

ओठांनाही हेच तेल चालते. ओठांवरून जीभ फिरवण्याच्या सवयीवर मात्र औषध नाही. लाळ वाळताना ओठ अधिकच उलतात.

बाजारातली मलमे

पेट्रोलियम जेलीचे पेटंट रॉबर्ट चेसब्रो यांनी १८७२ मध्ये घेतले. पाणी अडवण्यात तिच्या तोडीचे स्वस्त द्रव्य अजूनही नाही. चिकटपणा हाच तिचा दोष. १९२९ मध्ये कोलकात्यात गौरमोहन दत्त यांनी बोरोलीन आणले. ग्लिसरीन पाणी खेचून धरते, पण हवा फार कोरडी असेल तर घट्ट ग्लिसरीन ते कातडीच्याच आतल्या थरांतून ओढते. त्यात गुलाबपाणी मिसळतात ते बरोबर आहे; लिंबू पिळतात ते चूक, कारण फुटलेल्या कातडीवर ते झोंबते. युरिया सुमारे १० टक्के असलेले मलम अंगाला, त्याहून तीव्र मलम जाड टाचांना वापरतात.

सनस्क्रीन हिवाळ्यात बंद करण्याचे कारण नाही. २२ डिसेंबरलाही पुण्यात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंश वर असतो.

शेकोटी, फड आणि दवाखाना

शेगडी वा शेकोटीजवळ रोज तासन्‌तास बसणाऱ्यांच्या नडग्यांवर जाळीसारखे तपकिरी डाग उमटतात. काश्मीरमध्ये फेरनच्या (पायघोळ झग्याच्या) आत कांगडी (निखाऱ्यांची छोटी शेगडी) बाळगण्याच्या सवयीतून पोट-मांड्यांच्या त्वचेचा कर्करोग होतो, हे एकोणिसाव्या शतकापासून नोंदलेले आहे.

ऊसतोड कामगारांचा हंगाम नेमका थंडीतच असतो. पहाटेच्या दवात उसाच्या फडात उतरायचे, पाचटाने हात कापायचे, राहत्या कोपीवर (खोपटावर) पाणी बेताचेच. त्यांच्या हातापायांच्या भेगा ही सौंदर्याची नव्हे, मजुरी बुडण्याची बाब आहे. स्वस्त, टिकाऊ मलमाची खरी गरज तिथे आहे, पण जाहिराती गालांच्या असतात.

वृद्धांच्या नडग्यांवर लाल, जाळीदार चिरा पडून खाज सुटली तर तो इसब असू शकतो. सोरायसिसही बहुतेकांना थंडीत बळावतो. रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्यांत पुरळ आणि घरातल्या आणखी कुणालाही तेच, अशी लक्षणे असतील तर ती बहुधा खरूज असते. तिच्यावर तेल-मलम चोपडून उपयोग नाही. डॉक्टरांनी दिलेले औषध घरातल्या सर्वांनी एकाच वेळी लावावे लागते आणि अंथरुणे-पांघरुणे गरम पाण्यात धुवावी लागतात.