ब्लून्स टॉवर डिफेन्स

ब्लून्स टॉवर डिफेन्स : आखलेल्या वाटेने सरकत येणारे फुगे दुसऱ्या टोकाला पोहोचण्याआधी वाटेलगत बसवलेल्या माकडांकरवी फोडण्याचा संगणकीय खेळ. न्यूझीलंडमधील निंजा किवी या कंपनीने तो २००७ मध्ये ब्राउझरसाठी फ्लॅश तंत्रज्ञानात आणला. मालिकेतील सहावा खेळ २०१८ मध्ये मोबाइलवर आला.

मनोरे उभारून चालून येणाऱ्या शत्रूला वाटेतच रोखण्याच्या या खेळप्रकाराला ‘टॉवर डिफेन्स’ म्हणतात; ब्लून्समध्ये मनोऱ्यांच्या जागी माकडे असतात. या प्रकाराच्या उगमाविषयी एकमत नाही. अटारी गेम्सचा रॅम्पार्ट (१९९०) हा आर्केड खेळ पुष्कळदा आद्य मानला जातो. त्यात ढासळलेली तटबंदी ठरावीक वेळात सांधून तोफा बसवायच्या असतात. मात्र नेम धरून तोफ डागण्याचे काम खेळाडूलाच करावे लागते. मनोरा एकदा उभा राहिला की तो आपणहून मारा करतो आणि खेळाडूच्या हाती जागेची व खर्चाची निवड तेवढी उरते, हे या प्रकाराचे मुख्य लक्षण धरले तर रॅम्पार्टला पूर्वज म्हणता येईल, पण आद्य नमुना म्हणणे अवघड जाते. स्टारक्राफ्ट (१९९८) व वॉरक्राफ्ट ३ (२००२) या खेळांसोबत नकाशे तयार करण्याचे साधन मिळत असे. हौशी खेळाडूंनी त्यावर रचलेल्या नकाशांत हे लक्षण स्पष्ट दिसते. त्यामुळे उगम तेथे शोधणारे मत अधिक ग्राह्य वाटते. २००७ मध्ये फ्लॅश एलिमेंट टीडी आणि डेस्कटॉप टॉवर डिफेन्स हे खेळ पाठोपाठ आले. पहिल्यात शत्रूची वाट ठरलेली असते, तर दुसऱ्यात मोकळ्या पटावर मनोरे रचून खेळाडू ती वळवतो. ब्लून्सने ठरलेली वाट पत्करली.

वरकरणी सोप्या दिसणाऱ्या या खेळाची खरी गोडी फुग्यांच्या उतरंडीत आहे. तांबडा फुगा एका वारात संपतो. निळ्याच्या पोटात तांबडा, हिरव्याच्या पोटात निळा, त्यावर पिवळा आणि मग गुलाबी असतो. काळा फुटला की दोन गुलाबी बाहेर पडतात, म्हणजे तो पुरता संपवायला ११ वार लागतात. झेब्रा नावाच्या फुग्यात एक काळा व तितकेच वार सोसणारा एक पांढरा (२३ वार), इंद्रधनुषीत दोन झेब्रे (४७), आणि स्वतः १० वार सोसणाऱ्या चिनीमातीच्या फुग्यात दोन इंद्रधनुषी, असे एकूण १०४ वार होतात. सहाव्या खेळात ८० व्या फेरीपर्यंत हा हिशेब लागू पडतो. शिवाय काळ्यावर स्फोटाचा परिणाम होत नाही, पांढरा गोठत नाही आणि शिशाच्या फुग्यात साधा बाण शिरत नाही. एकाच जातीची माकडे भारंभार बसवून निभाव लागत नाही, तो यामुळेच.

माकडे, केळी, चाच्यांची गलबते असा उष्ण कटिबंधाचा साज खेळाला आहे, तरी बर्फाचे आणि शहरांचे नकाशेही त्यात आहेत. या साजातील केळीची बाग विशेष महत्त्वाची. ती एकही फुगा फोडत नाही. दर फेरीत केळी देते आणि ती वेचली की पैसे मिळतात. बाग लवकर लावली तर आजची फळी कमजोर राहते, उशिरा लावली तर पुढच्या फेऱ्यांना पैसा कमी पडतो. या प्रकारच्या खेळांत इतका चोख पेच क्वचितच साधला गेला आहे. स्पाइस आयलंड्स या नकाशात बहुतेक भाग पाण्याचा असल्याने जमिनीवरची माकडे ठेवायला जागा अपुरी पडते आणि भिस्त गलबतांवर व पाणबुड्यांवर येते. चिंप्स या कठीण प्रकारात एकही फुगा सुटू द्यायचा नसतो, बागेचे उत्पन्न मिळत नाही आणि बसवलेले माकड विकताही येत नाही.

फुगे फुटतात, रक्त किंवा मृत्यू पडद्यावर येत नाही. लहान मुले आणि काटेकोर गणित मांडणारे प्रौढ एकाच खेळात रमतात, याचे हे एक कारण मानता येईल.

फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला. निंजा किवीने आपले अनेक जुने फ्लॅश खेळ एका स्वतंत्र संग्रहात जतन केले आहेत. २०२१ मध्ये मॉडर्न टाइम्स ग्रुप या स्वीडिश समूहाने ही कंपनी विकत घेतली.