शेवंडीची जात ओळखायची कशी : रंग, काटे अन् मंग डीएनए

गोंदिया-भंडाऱ्याकडं शेवंड (समुद्रातला झिंग्यासारखा पण मोठा, काटेरी प्राणी, इंग्रजीत स्पायनी लॉब्स्टर) म्हटलं तर लोक विचारतील हे काय असतं बा, आपल्याकडं मामा तलावातले नाही तर वैनगंगेचे झिंगे, बाजाराच्या दिवशी ढिवर लोकांच्या टोपल्यात दिसतात तेवढेच. पण झूलॉजीवाल्या पोट्ट्यांना ती प्रॅक्टिकलला भेटते, फॉर्मालिनच्या बरणीत, पार पिवळट पडलेली, रंगाचा पत्ताच नाही.

अन् खरा लोचा तिथूनच सुरू होतो, कारण जिवंत शेवंड पहिल्यांदा रंगावरूनच ओळखतात. पॉलिफॅगस, होमारस अन् ऑर्नॅटस ह्या आपल्याकडच्या समुद्रातल्या शेवंडीच्या जाती. त्यातली मुंबई-गुजरातकडची पॉलिफॅगस घ्या, हिच्या पोटाच्या, म्हणजे शेपटीच्या, प्रत्येक खंडावर फिकट आडवा पट्टा असतो, ऑर्नॅटसला तसे पट्टे नसतात. शास्त्रज्ञ लिनियसनं १७५८ मध्ये होमारसला नाव दिलं, हर्ब्स्टनं १७९३ मध्ये पॉलिफॅगसला, पण दारूत ठेवलेल्या नाही तर वाळलेल्या नमुन्यात रंग टिकत नाही, म्हणून पुढं सगळी भिस्त काट्यांवर आली. डोळ्यांच्या मधात, छोट्या मिशा निघतात तिथं एक पट्टी असते, तिच्यावर पॉलिफॅगसला दोन मोठे काटे अन् होमारस, ऑर्नॅटसला चार. होमारसच्या पोटावरच्या खाचेची कडा दातेरी असते, बोट फिरवलं तरी कळते. बरणीतल्या नमुन्यावर आजही हेच चालतं, अन् माझ्या मते पोट्ट्यांना आधी हेच शिकवावं.

पिल्लांपुढं मात्र काटे पण कामाचे नाहीत. शेवंडीचं पिल्लू पानासारखं चपटं, आरपार दिसणारं, महिनोन्‌महिने खुल्या समुद्रात वाहत राहते, मोठ्या शेवंडीसारखं त्यात काहीच नाही, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तर त्याला वेगळा प्राणी समजून फायलोसोमा नाव देऊन टाकलं होतं! कोणतं पिल्लू कोणत्या जातीचं हे खात्रीनं सांगणं सोपं झालं ते डीएनए आल्यावर. २००३ मध्ये पॉल हेबर्टच्या टीमनं पेशीच्या मायटोकॉन्ड्रियातल्या सीओआय नावाच्या जीनचा, डीएनएच्या साधारण ६५० अक्षरांचा तुकडा जात ओळखायला बारकोडसारखा वापरायची कल्पना मांडली. फॉर्मालिन डीएनएची वाट लावते, म्हणून त्यासाठी नमुना अल्कोहोलमध्ये ठेवतात. पण नव्या जातीला नाव द्यायला नुसत्या जीननं भागत नाही, ब्राझीलची शेवंड कॅरिबियनच्या आर्गस जातीपेक्षा वेगळी हे जीनमध्ये १९९० च्या दशकातच दिसलं होतं, तरी मेरिपर्प्युरॅटस हे नवं नाव २०१६ मध्ये मिळालं.

आता काहून एवढा खटाटोप? तर भारतानं २००३ मध्ये एक्स्पोर्टसाठी कमीत कमी वजन जातीप्रमाणे ठरवलं, अख्खी होमारस २०० ग्रॅम, पॉलिफॅगस ३००, ऑर्नॅटस ५००. म्हणजे अडीचशे ग्रॅमची शेवंड होमारस असली तर चालते, पॉलिफॅगस असली तर नाही. डोकं तोडून नुसती शेपटी पॅक केली की पट्टीवरचे काटे गेले, तरी पट्टे अन् खाचा राहतात. कवच पण काढलं तर मंग डोळ्यानं पाहण्यासारखं काहीच उरत नाही, तुकडा लॅबलाच पाठवावा लागते.