जुनी बॉडी भंगारात घालण्याआधी हे वाचा
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये जुन्या बस, मेटॅडोर आणि टेम्पोच्या बॉड्यांना नवं काम लावून दिलं जातं. कुणाला हायवेला चहा-नाश्त्याचा गाडा हवा असतो, कुणाला शेतावर मुक्कामाची खोली, कुणाला शाळेच्या आवारात पुस्तकांसाठी जागा. येणारे बहुतेक जण दोनच गोष्टी विचारतात. बॉडी किती वर्षं टिकणार? आणि एवढा खर्च घालायचा तर भंगारात दिलेली काय वाईट?

या प्रश्नांची उत्तरं आम्हाला ट्रामच्या डब्यांत सापडली. शंभर वर्षांपूर्वी बांधलेले ट्रामचे डबे आजही जगात ठिकठिकाणी उभे आहेत, काही तर रोज धावतात. जे वाचले त्यांच्या बाबतीत एक गोष्ट जवळजवळ सगळीकडे सारखी दिसते. त्यांना वेळेवर नवं काम मिळालं आणि डोक्यावर कोरडं छप्पर मिळालं. यातलं एक जरी हुकलं तरी डबा गेला.

मुंबईत काय झालं

बेळगाव, खानापूर, चंदगड भागातून गिरण्यांत कामाला गेलेल्या पिढीनं मुंबईची ट्राम पाहिली होती. ९ मे १८७४ रोजी ती घोड्यांवर सुरू झाली. कुलाबा ते पायधुणी भाडं तीन आणे, आणि तिकीट द्यायची पद्धतच नव्हती. ७ मे १९०७ ला विजेची ट्राम आली, १९२० मध्ये दुमजली. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरकडे शेवटची ट्राम गेली आणि नव्वद वर्षांचा कारभार आटोपला.

पुढं फ्लोरा फाउंटनच्या परिसराचं काम चाललं असताना रस्त्याखाली गाडलेले ट्रामचे रूळ सापडले. ते लोकांना बघता यावेत म्हणून राखून ठेवले गेले. रूळ डांबराखाली सुखरूप राहिले, डबे मात्र बहुतेक मोडीत निघाले. ट्राम बंद करताना डब्यांना दुसरं काय काम देता येईल याचा विचार तेव्हा व्हायला हवा होता असं आम्हाला मनापासून वाटतं. त्यातले दहा-बारा डबे जरी बागांत, शाळांत उभे राहिले असते तरी आज नातवंडांना दाखवता आले असते.

कोलकात्यात काय झालं

तिथं विजेची ट्राम १९०२ साली सुरू झाली. २०२४ मध्ये राज्य सरकारनं मैदान ते एस्प्लनेड एवढाच वारसा मार्ग ठेवण्याचं जाहीर केलं, त्यावर कोर्टकचेरी झाली. पण त्याच्या कितीतरी आधी काही डब्यांना नवी कामं मिळाली होती. एस्प्लनेडला १९३८ साली बांधलेल्या जोड ट्राममध्ये २०१४ पासून ‘स्मरणिका’ नावाचं छोटं संग्रहालय आहे. एका डब्यात चहा-कॉफी मिळते, दुसऱ्यात जुनी तिकिटं, बिल्ले आणि कंडक्टरचं सामान मांडलेलं आहे. २०२० मध्ये एका चालत्या ट्राममध्ये पुस्तकं ठेवून वाचनालय केलं गेलं, आणि तेही कॉलेज स्ट्रीटवरून जाणाऱ्या मार्गावर, म्हणजे विद्यार्थ्यांच्या वाटेवरच. काम निवडावं तर असं.

वीस डॉलरचं घर

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला १८९५ च्या सुमारास घोड्यांच्या ट्रामचे डबे निकामी झाले. कंपनीनं ते विकायला काढले, बाकांसकट वीस डॉलर, बाकांशिवाय दहा. लोकांनी ते समुद्रकाठच्या वाळूवर नेऊन मांडले. कुणी एकावर एक चढवून दुमजली घर केलं, कुणी दोन-तीन जोडून मधे अंगण काढलं. हळूहळू तिथं ‘कारव्हिल’ नावाची वस्तीच उभी राहिली. १९१३ पर्यंत ती उठली, पण डबे आत घेऊन बांधलेलं एक घर अजून शाबूत आहे. बाहेरून ते साधं घर दिसतं, आत गेल्यावर ट्रामच्या खिडक्या भेटतात.

डबे इतके स्वस्त कसे मिळाले? किंमत खालच्या भागाला होती. चाकं, ॲक्सल आणि पुढच्या काळात मोटर, तांब्याच्या तारा यांना भंगारात चांगला भाव येई. ते काढून घेतलं की उरलेल्या लाकडी खोक्याला गिऱ्हाईक नसे. इंग्लंडमध्येही असे पुष्कळ डबे शेतकऱ्यांनी नेले आणि कोंबड्यांची खुराडी, बागेतल्या खोल्या, सुट्टीतली घरं केली. पुढं संग्रहालयांनी याच खुराड्यांतून डबे शोधून काढून पुन्हा उभे केले. ज्यांच्यावर कुणी पत्र्याचं किंवा कौलांचं दुसरं छप्पर घातलं होतं, किंवा जे एखाद्या घराच्या भिंतींत बंदिस्त होते, त्यांचं लाकूड चांगलं निघालं. उघड्यावर राहिलेल्यांचं खालचं तुळवट आणि कोपऱ्यातले खांब आधी कुजले.

आमच्याकडे येणाऱ्या बसच्या बॉडीतही हेच दिसतं. वरून पत्रा चकचकीत, आणि जमिनीवरचं मॅटिंग उचललं की खालचे क्रॉस मेंबर, म्हणजे जमीन तोलणारे आडवे लोखंडी तुकडे, हातानं मोडतात. खिडकीखालचा चॅनल, चाकावरची कमान आणि मागच्या दाराचा उंबरा या जागी पाणी थांबतं. शिवाय ॲल्युमिनियमचा पत्रा आणि लोखंडी पाइप थेट एकमेकांना टेकलेले असले की ओल धरल्यावर ॲल्युमिनियम झपाट्यानं खाल्लं जातं. तिथं मधे रबर किंवा डांबरी पट्टी घालावीच लागते. हे काम रंगाखाली झाकलं जातं, कुणाला दिसत नाही, पण आमचा जास्त वेळ यातच जातो आणि कोटेशनमध्ये त्याची ओळ वेगळी लिहिलेली असते. ती ओळ कमी करायला कृपया सांगू नका.

जागेप्रमाणे काम बदलतं

खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडं, म्हणजे जास्त पावसाच्या भागात, बॉडी ठेवायची असेल तर वर स्वतंत्र पत्र्याचं छप्पर घालाच. ते बॉडीला टेकवायचं नाही, मधे वारा खेळला पाहिजे, आणि चारी बाजूंनी पुरेसं बाहेर काढायचं. बॉडी जमिनीवर बसवू नका. जांभ्याच्या चिऱ्यांवर उचलून ठेवा, म्हणजे खालून हवा जाते आणि वाकून पाहताही येतं.

अथणी, गोकाक, चिकोडी भागात पाऊस कमी, पण काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. वरवर ठेवलेले ठोकळे दोन वर्षांत तिरके होतात, बॉडी पिळते आणि दारं लागेनाशी होतात. मुरूम लागेपर्यंत खोदून पाया घ्या. तिथं छपराखाली उष्णता अडवणारा थर लागतोच, नाहीतर एप्रिल-मे महिन्यांत आत बसवत नाही.

चालतं ठेवायचं की उभं करायचं?

गाडा फिरता असावा असं पुष्कळांना वाटतं. मेलबर्नचं उदाहरण पाहा. तिथं जुन्या डब्ल्यू क्लास ट्राममध्ये १९८३ पासून फिरतं हॉटेल चालायचं, खूप नावाजलेलं. २०१८ मध्ये सुरक्षेच्या तपासणीनंतर ते बंद पडलं. त्याच सुमारास तिथल्या सरकारनं जुन्या १३४ ट्राम लोकांकडून नव्या वापराच्या कल्पना मागवून द्यायच्या ठरवल्या. उलट न्यू ऑर्लिन्सच्या सेंट चार्ल्स मार्गावर १९२३-२४ चे डबे अजून रोज प्रवासी नेतात, मिलानमध्ये १९२८ च्या नमुन्याचे डबे धावतात, पण तिथं त्यामागं मोठी वर्कशॉप आणि कायमचे मिस्त्री आहेत. आपल्यासारख्याच्या ऐपतीला उभी बॉडीच बरी. ब्रेक, टायर, इन्शुरन्स, फिटनेस यांचा दरवर्षीचा खर्च वाचतो, तो छपरावर घाला.

उभी करायची ठरली की कागद आधी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५५ प्रमाणे गाडी कायमची वापराबाहेर गेल्याचं १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, परत करायची असते. हे राहिलं तर नंतर अडचण येते. खाण्याचे पदार्थ विकणार असाल तर एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षेची, नोंदणी लागते, जागेसाठी ग्रामपंचायतीची किंवा महानगरपालिकेची परवानगी लागते. गॅस सिलिंडर बॉडीच्या आत ठेवायला आम्ही जागा करून देत नाही, तो बाहेर जाळीच्या कपाटात राहील.

वाचनालयासाठी

बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचं. कडोली, उचगाव, येळ्ळूरला साहित्य संमेलनं भरतात. पुस्तकं जमवणारी माणसं या सीमाभागात गावोगाव आहेत, खोली मात्र मिळत नाही, मिळाली तर दोन वर्षांत रिकामी करावी लागते. बसच्या एका बॉडीत दोन्ही बाजूंनी खिडकीखाली कपाटं आणि मधे बाकं घातली की पंधरा-वीस मुलं आरामात बसतात. उजेड आयता असतो, कारण बस मुळातच खिडक्यांची बनलेली. पुण्यात २०१६ पासून आणि बेंगळुरूत २०२० मध्ये जुन्या बसची स्त्रियांसाठी स्वच्छतागृहं झाली, तर आपल्याकडं वाचनालय व्हायला हरकत नाही. कुठल्याही गावच्या मंडळानं किंवा शाळेनं असं काम आणलं तर मजुरीत आम्ही सवलत देऊ आणि पहिल्या पावसाळ्यानंतर छप्पर आणि खालचे सांधे स्वतः येऊन तपासू, त्याचे पैसे घेणार नाही.

कोटेशनसाठी येताना बॉडीचे चार बाजूंचे फोटो आणा. मॅटिंग उचलून जमिनीचा एक आणि गाडीखाली शिरून वर बघताना एक, हे दोन तर हवेतच. बॉडी जिथं ठेवायची तिथली माती काळी की तांबडी ते सांगा. आणि मृग लागायच्या आधी दरवर्षी छपरावरचा पाला कोण काढणार, ते घरात ठरवून या.