कुकरची शिट्टी ऐकू येते, मग कान शाबूत?

‘मला सगळं ऐकू येतं, लोकच पुटपुटतात.’ हा समज जुना आणि फसवा. वयाने किंवा गोंगाटाने कान बहुधा आधी वरच्या पट्टीत, म्हणजे बारीक-तीक्ष्ण आवाजांना, कमी होतो. अ, आ, ओ हे स्वर खालच्या पट्टीतले, म्हणून आवाज पोचतो. स, श, फ निसटतात. ‘साठ’चं ‘आठ’ होतं. शिट्टी मुळातच मोठी, ती कसला पुरावा देणार?

पंगतीच्या गलक्यात शेजारच्याचं बोलणं कळतंय का, ते बघा. फोन नकळत एकाच कानाला जातो? दुसरा कमी ऐकत असेल. ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी, करून घ्या: खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंत (250 ते 8000 हर्ट्झ), दोन्ही कान वेगवेगळे. मळ आधी डॉक्टरकडून काढून घ्या, काडीने नव्हे.

एका कानाचं ऐकणं अचानक गेलं, तर मात्र त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा.