हिंदू आणि अब्राहमी परंपरांतील साम्यस्थळे

यहुदी, ख्रिस्ती आणि इस्लाम हे तिन्ही धर्म अब्राहम (इस्लाममध्ये इब्राहीम) या पूर्वपुरुषाशी आपले नाते सांगतात, म्हणून त्यांना अब्राहमी म्हणतात. हिंदू परंपरेची मुळे वेगळी आहेत. तरी कथा, व्रते आणि उपासना यांत दोन्हीकडे ठळक साम्ये आढळतात. ती शोधताना नावांच्या उच्चारावर भिस्त ठेवू नये. ब्रह्मा-अब्राहम, सरस्वती-सारा, कृष्ण-ख्रिस्त अशा जोड्या वारंवार लावल्या जातात. पण ‘ब्रह्म’ शब्द ‘बृह्’ म्हणजे वाढणे या धातूशी जोडला जातो, तर अब्राहम या हिब्रू नावातला ‘अब’ म्हणजे बाप. कृष्ण म्हणजे सावळा. ख्रिस्त हा मूळ ग्रीक शब्द, त्याचा अर्थ अभिषिक्त. या जोड्यांत कानाला जाणवते त्यापलीकडे काही नाही. खरे साम्य गोष्टींत आणि आचारात आहे.

पुत्राची मागणी. देव इब्राहीमकडे त्याचा मुलगा मागतो. बायबलात तो इसहाक, मुस्लिम परंपरेत इस्माईल. सुरी उगारली जाते, हात थांबवला जातो आणि मुलाऐवजी मेंढा बळी जातो. बकरी ईदची कुर्बानी याच प्रसंगाची आठवण आहे. ऐतरेय ब्राह्मण या वैदिक ग्रंथात हरिश्चंद्र राजाने वरुणाला रोहित हा पुत्र कबूल केलेला असतो. रोहित रानात निघून जातो आणि त्याच्या जागी शंभर गाईंना विकत घेतलेला शुनःशेप हा मुलगा यूपाला (यज्ञाच्या खांबाला) बांधला जातो. तो देवांची स्तुती करतो, तसे त्याचे पाश गळून पडतात.

मराठी घरांतली गोष्ट मात्र श्रियाळ-चांगुणेची. अतिथीच्या वेशात आलेले शंकर त्यांच्या चिलया या मुलाचे मांस मागतात आणि डोळ्यांत पाणी आणायचे नाही अशी अट घालतात. चांगुणा मुलाचे शिर उखळात घालून कांडते, तोंडाने ओवी चालू ठेवते. शेवटी अतिथी सांगतो, मुलाला हाक मार. ती मारते आणि चिलया धावत येतो. त्याआधी शाळेत जाऊन शंकर त्याला पळून जायला सुचवतात, तो ऐकत नाही. मुस्लिम परंपरेत मक्केजवळच्या मिना येथे सैतान इब्राहीमला असाच आडवा येतो. हज यात्रेकरू आजही तेथे खडे मारतात. दोन्ही गोष्टींत देव पोटचा गोळा मागतो आणि परत देतो, एवढे सारखे. फरक जास्त बोलका आहे. इब्राहीमची सुरी चालण्याआधी थांबते, चांगुणेचे मुसळ थांबत नाही. बायबलच्या कथेत इसहाकची आई सारा हिला कोणी विचारतही नाही. मराठी कथेत सगळा भार आईच्या हातावर आहे. जात्यावर आणि उखळावर पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी ही कथा का जपली, ते येथे कळते.

इतर कथा व आचार. शतपथ ब्राह्मणात मनूची नौका मासा ओढून नेतो. बायबलातील नोहाचे तारू अराराटवर, कुराणातील नूहचे जूदी पर्वतावर टेकते. कर्ण आणि यहुद्यांचा संदेष्टा मोशे दोघेही नदीत सोडलेली मुले. कंस, मोशेच्या कथेतला इजिप्तचा फारो आणि येशूच्या जन्मकथेतला हेरोद तिघेही बालहत्या करवणारे राजे. प्रदक्षिणेत देव उजवीकडे ठेवतात; काबाचे सात फेरे घेताना तो डावीकडे असतो. जपमाळेत १०८ मणी, मुसलमानांच्या तसबीह या माळेत ९९ किंवा ३३. मूर्तीबाबत मात्र यहुदी व इस्लाम ठाम नकार देतात. तरी उशाला घेतलेला दगड सकाळी उभा करून बायबलातला याकोब त्यावर तेल ओततो आणि त्या जागेला देवाचे घर म्हणतो. मारुतीला शनिवारी तेल घालणाऱ्या माणसाला हे चित्र परके वाटणार नाही.

नागपूर. काही साम्ये शेजाराने घडतात. कामठीत जन्मलेले सूफी संत ताजुद्दीन बाबा (१८६१–१९२५) काही वर्षे वेड्यांच्या इस्पितळात होते. १९०८ मध्ये नागपूरच्या रघुजीराजे भोसल्यांनी त्यांना शक्करदऱ्याच्या वाड्यात आणले. उमरेड रोडवरच्या मोठ्या ताजबागेत त्यांची मजार आहे आणि मोहरममध्ये उर्स भरतो. गुरुवारी येथे उभे राहून पाहावे. डोक्यावर रुमाल बांधलेला माणूस चादर चढवतो, लोबानाचा धूर अंगावर घेतो आणि मजारीकडे पाठ न करता मागे-मागे सरत बाहेर येतो. देवळाच्या गाभाऱ्यातून निघण्याची रीत हीच आहे. नवस बोलणे, फेडणे, कंदुरी करणे हे शब्द विदर्भात हिंदू-मुसलमान दोघांच्याही तोंडी सारखेच.

मराठी भाषेतील देवाणघेवाण. श्रीगोंद्याचे संतकवी शेख महंमद स्वतःला ‘अविंध’ (मुसलमान) म्हणवत हृदयात गोविंद असल्याचे सांगतात. जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स यांनी ‘ख्रिस्तपुराण’ (१६१६) ओवीत रचले. कोकणातील बेने इस्राएल हे यहुदी ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखले जात, कारण ते शनिवारी घाणा बंद ठेवत. एलियाहू संदेष्ट्याच्या नावाने ते पोहे, खोबरे आणि फळांचा मलिदा करतात.

कवी नारायण वामन टिळकांची कथा नागपूरच्या रेल्वेची. नागपूरहून राजनांदगावला जाताना गाडीत एका अनोळखी युरोपीय सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार (बायबलचा येशूविषयीचा भाग) दिला. १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ख्रिस्ताकडे आपण तुकारामाच्या पुलावरून आलो, असे ते सांगत. पुढे त्यांनी ख्रिस्तावर अभंग लिहिले, आणि मराठी ख्रिस्ती मंडळींत ते टाळांच्या साथीने गायले गेले.